रंगावर जाऊ नका, पोटाखाली बघा

गेल्या अंकात आपण शेततळ्याकाठच्या चतुरांचे चार फोटो छापले आणि खाली फक्त नावं दिली, नर का मादी ते लिहायचं राहूनच गेलं. त्यावरून इतके मेसेज आले की यावेळचं सदर सगळंच चतुर आणि टाचण्यांना द्यायचं ठरवलं. एका वाचकांच्या सहा वर्षांच्या मुलीनं विचारलंय की चतुर म्हणजे नवरा आणि टाचणी म्हणजे त्याची बायको का? प्रश्न मला फार आवडला, कारण शब्द ऐकले की तसंच वाटतं खरं. पण नाही गं बाळा, ही दोन वेगळी घराणी आहेत. दणकट अंगाचा, बसल्यावर चारही पंख आडवे पसरून ठेवणारा तो चतुर. काडीसारखी बारीक आणि बसली की बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून घेणारी ती टाचणी. चतुरांतही नर-मादी असतात आणि टाचण्यांतही असतात. आता बाकीचे प्रश्न घेऊ.

सांगलीहून एक कॉलेजचा विद्यार्थी लिहितो: ताई, मी दोन महिने झाले कृष्णेच्या घाटावर चतुरांचे फोटो काढतोय. लाल तो नर आणि पिवळी ती मादी असं धरून चाललो होतो. परवा एक पिवळा फोटो मादी म्हणून ग्रुपवर टाकला तर एका सरांनी लगेच सांगितलं की हा नर आहे, अजून कोवळा आहे. रंगावरून कळणार नसेल तर मग पक्की खूण कोणती?

सर बरोबर सांगतायत. तुझ्या वर्णनावरून तो बहुतेक रडी मार्श स्किमर असावा, क्रोकोथेमिस सर्विलिया. त्याचा पूर्ण पिकलेला नर डोळ्यांपासून शेपटीपर्यंत रक्तासारखा लाल असतो आणि शेपटीवर मधोमध बारीक काळी रेघ. मादी पिवळट तपकिरी, तिलाही तशीच रेघ. आता गंमत अशी की पाण्यातली अळी काठावरच्या गवतावर चढून कात टाकते आणि त्यातून चतुर बाहेर येतो तेव्हा नर असो का मादी, दोघंही पिवळटच असतात. नराला लाल व्हायला पुढे कित्येक दिवस लागतात आणि मधल्या दिवसांत तो कधी पिवळा, कधी नारिंगी, कधी अर्धा लाल असा दिसतो. म्हणजे लाल दिसला तर नर म्हणायला हरकत नाही, पण पिवळा दिसला म्हणून मादी म्हणायचं नाही, तिथे थांबायचं आणि अंग बघायचं.

अंग कुठलं ते सांगते. आपण ज्याला शेपूट म्हणतो ते चतुराचं पोट असतं आणि त्याला उसासारखी पेरं असतात, बरोबर दहा. तू सांगलीचा आहेस म्हणजे उसाचं पेर तुला सांगायला नको. पहिलं पेर छातीला चिकटलेलं आणि इतकं आखूड असतं की फोटोत ते नीट दिसतही नाही, म्हणून मी नेहमी टोकाकडून मोजते. टोकाचं चिमुकलं ते दहावं, मग नववं, आठवं, असं मागे मागे यायचं. आता बाजूनं काढलेला फोटो घे आणि दुसऱ्या पेराच्या खाली, म्हणजे छाती संपून पोट सुरू होतं त्याच्या लगेच मागे, पोटाखालच्या बाजूला बघ. नर असेल तर तिथे एक उंचवटा दिसतो, बारीक आकड्यासारखं काहीतरी खाली आलेलं दिसतं. मादी असेल तर तिथली रेघ सरळ सपाट जाते. हीच ती पक्की खूण. कोवळा असो, म्हातारा असो, रंग आलेला असो नसो, नराला हा उंचवटा पहिल्या दिवसापासून असतो.

तिथे उंचवटा का, हे कळलं की ही खूण कधी विसरत नाही. नराचं वीर्य नवव्या पेरापाशी, म्हणजे पार टोकाजवळ बाहेर येतं, पण मीलनाचा अवयव आहे दुसऱ्या पेराखाली, पार पुढे. म्हणून मीलनाच्या आधी नर पोट खालून पुढे वळवतो आणि नवव्या पेराकडून दुसऱ्या पेराखालच्या पिशवीत स्वतःच वीर्य भरून ठेवतो. कीटकांच्या अख्ख्या जगात ही व्यवस्था फक्त चतुर आणि टाचण्यांत आहे, दुसऱ्या कुणातही नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तळ्यावर जाऊन तासभर नुसती वाट बघत बसले होते, एखादा तरी असं करताना दिसेल म्हणून.

दुसरी खूण टोकाची. नराच्या दहाव्या पेराला चिमटा असतो, चतुरात वर दोन लांब काड्या आणि त्यांच्या खाली मधे एक, असे तीन भाग. याच चिमट्यानं तो मादीचं डोकं पकडतो. मादीलाही टोकाला दोन छोट्या काड्या असतात पण त्या आखूड, एकमेकींपासून लांब, आणि त्यांच्या मधे एक बोथट गोळी दिसते. वरून काढलेल्या फोटोत पोटाखालचं काहीच दिसत नाही, तेव्हा ही टोकाची खूणच कामाला येते. जाणकार मंडळी तर नुसत्या चिमट्याच्या आकारावरून जात ओळखतात. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी १९३३ ते १९३६ या काळात इकडच्या चतुरांवर तीन खंड लिहिले, त्यातही नरांच्या या चिमट्यांची चित्रं जागोजाग आहेत.

पोटाची जाडी पण बघावी, मादीचं पोट जरा जाड आणि वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचं असतं कारण आत अंडी असतात, नराचं बऱ्याचदा बारीक आणि तिसऱ्या पेरापाशी कमरेसारखं आत गेलेलं. पण ही खूण एकटी धरून चालू नकोस, सोबतीला ठीक आहे. आणि सह्याद्रीच्या घाटांतल्या ओढ्यांवर गेलास तर तिथे हॉकर आणि क्लबटेल या मोठ्या चतुरांच्या नरांना दुसऱ्या पेराच्या दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे छोटे उंचवटे असतात आणि मागच्या पंखाचा बुडाचा कोपरा कापल्यासारखा टोकदार असतो, मादीचा गोल. यात हॉकरांपैकीच अॅनॅक्स नावाची मंडळी अपवाद, त्यांच्या नरांचा पंखही गोलच.

थोडक्यात पुढच्या वेळी घाटावर गेलास की एक फोटो वरून, एक बाजूनं, आणि जमलं तर एक फक्त टोकाचा असे तीन काढ. बाजूचा फोटो काढायला गुडघे टेकून चतुराच्या उंचीला यावं लागतं, कपडे चिखलात भरतात, पण एकदा तो दुसऱ्या पेराखालचा आकडा स्क्रीनवर मोठा करून बघितलास की मग तुला ग्रुपवर कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

याच विद्यार्थ्याचा पुढचा प्रश्न: आणि निळ्या चतुरांचं काय? माझ्याकडे एक अर्धा पिवळा अर्धा निळा आलाय.

तो ग्राउंड स्किमर असणार, डिप्लॅकोडेस ट्रिव्हियालिस, गवतात, पायवाटेवर, अगदी शाळेच्या मैदानातही जमिनीवर बसणारा. त्याचा नर आधी मादीसारखाच पिवळट हिरवा आणि काळ्या नक्षीचा असतो, मग अंगावर हळूहळू निळसर मेणचट पावडर चढत जाते. द्राक्षाच्या मण्यावर पांढरट थर असतो ना, बोटानं पुसला की निघतो, तसाच हा प्रकार. निळा हा कातडीचा रंग नसून वरून आलेला थर आहे. अर्धा चढलेला असताना तो तुझ्या फोटोतल्यासारखा दिसतो. काही जातींत म्हाताऱ्या माद्यांवरही असा थर चढतो, त्यामुळे निळा म्हणजे नर असंही डोळे मिटून म्हणता येत नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या गावच्या विहिरीच्या कठड्यावर असाच एक पूर्ण निळा नर बसला होता आणि त्याच्या पोटाच्या मधल्या पेरांवर मला काळपट ओरखडे दिसले. आधी वाटलं पक्ष्यानं टोच मारली असेल. मग घरी येऊन फोटो मोठा करून बघितला तर दोन्ही बाजूंना सारखेच, जोडीनं असलेले ओरखडे. मीलनाच्या वेळी मादी सहा पायांनी नराच्या पोटाला धरून राहते आणि तिच्या पायांनी तिथली पावडर खरवडली जाते. म्हणजे तो नर नुसता नर होता एवढंच नाही तर त्याचं एकदा तरी जुळलं होतं, हेसुद्धा त्याच्या अंगावर लिहिलेलं होतं. तुझ्याकडे निळ्या नरांचे जुने फोटो असतील तर परत काढून बघ, मिळतील असे ओरखडे.

रत्नागिरीजवळच्या एका शेतकरी वाचकांचा प्रश्न: ताई, आमच्या खाचराच्या बांधावर हिरव्या अंगाचा काळ्या पट्ट्यांचा एक चतुर असतो, फार आडदांड, दुसरे चतुर पकडून खाताना मी स्वतः पाहिलाय. हे सगळे एकाच रंगाचे दिसतात. यांच्यात नर-मादी वेगळे दिसतच नाहीत का?

दादा, तुम्ही बघताय तो ग्रीन मार्श हॉक, ऑर्थेट्रम सबिना, आणि तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, तो दुसरे चतुर आणि टाचण्या सर्रास खातो. याच्यात नर आणि मादी रंगानं खरोखरच सारखे, नराला म्हातारपणी निळी पावडरही येत नाही. वर मी सांगलीच्या मुलाला पोटाच्या सुरुवातीचा उंचवटा बघ म्हटलं ना, तर याच्यात एक फसगत आहे. याचं पोट सुरुवातीला फुगीर आणि मग एकदम बारीक असं नर-मादी दोघांतही असतं. त्यामुळे फुगवटा दिसला म्हणजे नर असं म्हणू नका, फुगवट्याच्या खालच्या कडेला आकडा बाहेर आलाय का तेवढंच बघा. तेही दिसत नसेल तर टोकाचे चिमटे, नराचे लांब आणि जवळजवळ, मादीचे आखूड.

पण तुम्ही रोज बांधावर असता, तुम्हाला माझ्यापेक्षा सोपी गोष्ट करता येईल, तो काय करतो ते बघा. एकाच काडीवर परत परत येऊन बसतो, दुसरा त्याच्या जातीचा आला की अंगावर धावून जातो, पुन्हा त्याच काडीवर येतो, तो नर, आपली जागा राखतोय. पाण्यावर खाली येऊन शेपटीचं टोक टप टप बुडवत जाते ती मादी, अंडी घालतेय. याच्या स्किमर घराण्यातल्या माद्यांना अंडी खुपसायची सुई नसते, पाण्यात टोक बुडवलं की अंडी सुटतात. ती हे करत असताना वर एक हातभर उंचीवर दुसरा चतुर घिरट्या घालताना दिसला तर तो तिचा नर, राखण करतोय.

असेच नर-मादी सारखे दिसणारे आणखी दोन तुमच्याकडे नक्की असतील. एक ग्रॅनाइट घोस्ट, विहिरीच्या आणि घराच्या सिमेंटच्या भिंतीला चिकटून बसतो, रंग इतका दगडासारखा की उडाल्यावरच कळतं. दुसरा वॉन्डरिंग ग्लायडर, पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स, पावसाळ्यात आणि पाऊस ओसरताना मोकळ्या मैदानावर थवेच्या थवे न बसता उडत राहतात तो. त्यात नराच्या पोटावर वरून जरा लालसर झाक असते, मादी पिवळी, पण उडताना तेवढा फरक कळणं अवघड.

तुमच्याच खाचरात रंगावरून झटकन ओळखता येणारेही आहेत हं. पाईड पॅडी स्किमर, काळे-पांढरे पंख, बुडाला काळा मग पांढरा पट्टा आणि टोक पारदर्शक, तो नर. याची मादी बघितली तर वाटणारच नाही एका जातीची, पंखांत पिवळसर झाक आणि टोकं गडद तपकिरी. हा भाताच्या खाचराचाच चतुर, नावातच भात आहे.

ठाण्याहून एक आई लिहितात: आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन चतुर एकामागे एक जोडून उडत होते आणि मधेच गाडीच्या बॉनेटवर टेकत होते. मुलानं विचारलं यात आई कुठली आणि बाबा कुठला, मला सांगता आलं नाही. आणि तळ्यावर बघितलं तेव्हा दोघांचा मिळून बदामासारखा आकार झाला होता, ते काय?

जोडीत पुढचा नेहमी नर आणि मागची मादी, हे मुलाला बिनधास्त सांगा, यात चूक होत नाही. नर टोकाच्या चिमट्यानं मादीला धरून पुढे उडतो. चतुरात तो तिचं डोकं धरतो, टाचण्यांत डोक्याच्या मागे मानेपाशी धरतो. मग मादी आपलं पोट खालून पुढे वळवून टोक नराच्या दुसऱ्या पेराखाली लावते आणि दोघांचा मिळून तो बदाम तयार होतो. मुलाला कागदावर काढून दाखवा, पुढच्याचं शेपूट मागचीच्या डोक्यावर आणि मागचीचं शेपूट पुढच्याच्या पोटाखाली, मग त्याला कळेल की असा आकार का होतो.

मीलन झालं की सगळे नर मादीला सोडून देत नाहीत. याचं कारण मला तरी थक्क करणारं वाटतं. १९७९ साली एका अमेरिकन संशोधकानं टाचण्यांवर दाखवून दिलं की नर आपलं वीर्य सोडण्याआधी आधीच्या नराचं वीर्य मादीच्या पोटातून खरवडून बाहेर काढतो. म्हणजे दुसरा कुणी आला तर याची सगळी मेहनत वाया. म्हणून काही जातींचे नर अंडी घालून होईपर्यंत मादीला धरूनच ठेवतात आणि काही वर घिरट्या घालून राखण करतात.

बॉनेटवरचं दृश्य मात्र वाईट वाटायला लावणारं आहे. ते बहुतेक वॉन्डरिंग ग्लायडर असावेत, ही मंडळी बऱ्याचदा जोडीनंच अंडी घालतात आणि पावसानं साचलेल्या डबक्यांतही घालतात. पाण्यावरून परत येणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बहुतेक आडव्या दिशेतच थरथरतात आणि चतुरांचे डोळे तोच प्रकाश बघून पाणी ओळखतात. पॉलिश केलेल्या गाडीवरून, विशेषतः काळ्या किंवा लाल गाडीवरून, प्रकाश तसाच परत येतो. त्यांना ते पाणी वाटतं, मादी टोक टेकवून अंडी घालते आणि ती तापलेल्या पत्र्यावर सुकून जातात. गाडीवर कव्हर घातलंत तर तेवढी अंडी तरी वाचतील, आणि मुलाला कव्हर घालायला मदत करायला सांगा, त्याला कारण माहीत असेल तर तो आवडीनं करेल.

वर्ध्याहून एक वाचक: माझ्याकडच्या फोटोत दोन टाचण्या जोडीनं आहेत आणि दोन्हींचा रंग अगदी सारखा, हिरवट अंग आणि टोकाशी निळा पट्टा. दोन नर जोडीत कसे?

दोन नर नाहीत हो, मागची मादीच आहे. तुमची टाचणी सेनेगल गोल्डन डार्टलेट असावी, इश्नुरा सेनेगॅलेन्सिस, तळ्याकाठच्या गवतात अगदी खाली असते ती. हिच्या माद्या दोन तऱ्हेच्या असतात. एक तऱ्हा मातकट किंवा हिरवट तपकिरी, निळा पट्टा नसलेली, आणि कोवळेपणी सुंदर नारिंगी. दुसरी तऱ्हा हुबेहूब नरासारखी, निळ्या पट्ट्यासकट. असं का, यावर अभ्यासकांचं बोलणं चालू असतं, पण बऱ्याच जणांचं म्हणणं असं की पाण्याकाठी नर इतके मागे लागतात की नरासारखी दिसणारी मादी त्यातून सुटते आणि निवांत खाऊ-पिऊ शकते. मला हे पटतं, कारण एका मादीवर एका वेळी तीन-तीन नर झडप घालताना मी बघितलेत.

टाचण्यांत मादी ओळखायची तर पोटाच्या टोकाजवळ, आठव्या-नवव्या पेरांच्या खाली बघा. तिथे जाडसर पात्यासारखा भाग लोंबतो, त्यामुळे टोक फुगल्यासारखं दिसतं. त्या पात्यानं ती पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत एकेक अंडं ठेवते. नराचं टोक वरून खाली सरळ आणि शेवटी चिमटा, टाचण्यांत चिमट्याचे भाग चार, वर दोन खाली दोन. तुमचा फोटो मोठा करून मागचीच्या टोकाखाली बघा, ते पातं दिसेल.

याच वाचकांनी पुढे विचारलंय: मादीच्या या पात्यालाच लोक डंख म्हणतात का? आमच्याकडे म्हणतात चतुर चावतो.

हो, तोच गैरसमज. चतुराला आणि टाचणीला डंख नसतो, विष नसतं. मोठा चतुर हातात धरला तर जबड्यानं बारीक चिमटा काढेल, तेवढंच.

नगर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षिका लिहितात: ताई, आमच्या शाळेमागे पाझर तलाव आहे. मुलं चतुर पकडून शेपटीला दोरा बांधतात, मी रागावते पण थांबत नाहीत. त्यांना यातून दुसरं काही करायला देता येईल का? नर-मादी मोजणी चौथीच्या मुलांना जमेल का?

बाई, जमेल, आणि मोठ्यांपेक्षा चांगली जमेल, कारण त्या मुलांना चतुर पकडता येतो म्हणजे तो कुठे बसतो, कधी उडतो, मागून कसं जायचं हे सगळं त्यांना आधीच येतं. दोऱ्याचा विषय आधी मिटवू. शेपूट म्हणजे पोट आहे, त्यातूनही तो श्वास घेतो, पेरांच्या बाजूला श्वासाची छिद्रं असतात. दोरा आवळला की पेर चेपतं आणि मग सोडला तरी तो जगेलच असं नाही. माझ्या अनुभवात मुलांना नुसतं नको म्हणून चालत नाही, पण असं पोट दाखवलं, दहा पेरं मोजायला लावली, की त्यानंतर त्याच मुलाच्या हातून दोरा बांधवत नाही.

धरायचा कसा ते दाखवा. चारही पंख पाठीवर एकत्र मिटवून अंगठा आणि बोटाच्या मधे हलके धरायचे, पोटाला किंवा पायाला हात लावायचा नाही. मग उलटा करून दुसऱ्या पेराखाली बघायचं, आकडा आहे का नाही, आणि अर्ध्या मिनिटात सोडायचा. पंख काचेसारखे चकचकीत आणि अंग मऊ दिसत असेल तर तो त्याच दिवशी बाहेर आलेला असतो, त्याला मुळीच धरू नका, पंख वाकडे होतात ते परत सरळ होत नाहीत. आणि कधी सहलीला अभयारण्यात नेलंत तर तिथे पकडणं पूर्ण बंद, फक्त बघायचं.

मोजणीसाठी दोन जाती पुरे. एक डिच ज्वेल, ब्रॅकिथेमिस कंटामिनाटा, तुमच्या तलावावर असणारच, कारण घाण पाणीही त्याला चालतं. त्याचा नर नारिंगी आणि पंखांवरही मोठा नारिंगी डाग, मादी पिवळट हिरवी आणि पंख साधे. कोवळा नर फिकट असतो, पंखावरचा डागही नीट आलेला नसतो, त्यामुळे शंका आली की मुलांनी दुसरं पेर बघायचं, म्हणजे दोन्ही खुणा एकदम शिकून होतील. दुसरी कॉमन पिक्चरविंग, फुलपाखरासारखी तरंगत उडणारी, नराचे पंख सोनेरी पिवळे त्यावर काळे डाग, मादीच्या पंखांवर काळं जास्त आणि पुढच्या पंखाचं टोक मात्र पारदर्शक. उडताना सुद्धा ओळखू येते, मुलं लगेच शिकतील.

वेळ सकाळी दहाच्या सुमारास, ऊन आलेलं असावं, ढग असले की चतुर गवतात दडून बसतात. वहीत तारीख, वेळ, ऊन का ढग, नर किती, मादी किती, जोड्या किती एवढंच लिहायचं. आता पहिल्या दिवशी मुलं तलावावरून येऊन सांगतील की बाई, नरच नर आहेत, माद्या दोन-तीनच. तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यांना तलावापासून दोनशे-तीनशे पावलं लांब, ज्वारीच्या रानात नाहीतर झुडपांत न्या आणि तिथे मोजायला लावा. माद्या तिथे सापडतील, कोवळे नरही तिथेच. मादी पाण्यावर येते ती फक्त मीलन आणि अंडी यासाठी, एरवी ती नरांपासून लांब राहते. स्वित्झर्लंडमधल्या डोंगरतळ्यांवर मूरलँड हॉकर नावाच्या चतुराच्या माद्या तर मागे लागलेल्या नराला टाळायला उडता उडता खाली पडतात आणि मेल्यासारख्या पडून राहतात, तो निघून गेला की उठून उडतात, यावरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ही गोष्ट चौथीच्या मुलांना सांगाच, त्यांना खूप आवडेल.

दर आठवड्याला एकदा, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मोजलंत तर वहीत आठ-दहा नोंदी होतील. नारिंगी नर वाढतात का कमी होतात आणि जोड्या किती दिसतात ते मुलांच्याच आकड्यांतून कळेल. वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, मुलांच्या हस्ताक्षरातच पाठवा, आपण पुढच्या अंकात छापू.